सांगलीत बसून क्रिएटर एजन्सी: आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

विश्रामबागेत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. एका खोलीत आम्ही बसतो, दुसरीत लाइट, ट्रायपॉड आणि कुणी ना कुणी नमुन्याला पाठवलेली भडंगाची पाकिटं. फोनवर रोज तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. विचारणारे दोन प्रकारचे: रील-व्हिडिओ करणारी मुलंमुली, म्हणजे क्रिएटर, आणि त्यांच्याकडून आपल्या मालाचं काम करून घ्यायला निघालेले व्यापारी. दोघांचे प्रश्न मुद्दामच वेगळे काढले नाहीत. एकमेकांचे वाचलेले बरे.

तुम्ही नक्की करता काय?

मुलांचे वडील हे विचारतात तेव्हा आम्ही मार्केट यार्डाचं उदाहरण देतो. माल शेतकऱ्याचा, खरेदी व्यापाऱ्याची, मध्ये अडत्या. आम्ही त्या मधल्या जागेवर. क्रिएटरसाठी काम आणायचं, दर बोलायचा, कागद करायचा आणि पैसे वसूल करायचे. शेवटचं काम सगळ्यात जास्त वेळ खातं. "पुढच्या सोमवारी टाकतो" हे वाक्य ऐकण्यात आमचा अर्धा आठवडा जातो.

फरक एवढाच, की हळदीचं पोतं विकलं की शेतकऱ्याचा त्याच्याशी संबंध संपला. रीलमधला चेहरा विकल्यावरही त्या मुलीचाच राहतो. तीच संध्याकाळी मारुती रोडला खरेदीला जाते आणि दुकानदार तिला विचारतो, "काय गं, तू सांगितलेलं ते तेल खरंच चांगलं आहे का?" या पानावरची निम्मी उत्तरं ह्या दुकानदारासाठी आहेत असं समजा.

क्रिएटरचं नाव चालतं. मग एजन्सीला वेगळं ब्रँडिंग कशाला?

सुरुवातीला आम्हालाही ते नकोच वाटायचं. मग एकदम दुसऱ्या टोकाला गेलो. पहिली वेबसाइट केली ती सगळी इंग्रजीत, जांभळ्या रंगात, वर काचेच्या इमारतीतल्या मीटिंगचा विकत घेतलेला फोटो. आमच्या ऑफिसला काच आहे ती फक्त खिडकीला, आणि तीही एका कोपऱ्यात तडकलेली. त्या वेबसाइटवरून पहिले काही महिने जे फोन आले ते फॉलोअर्स विकणाऱ्यांचे.

मग एकदा वैतागून आमच्यातल्या एकानं साध्या मराठीत लिहिलं, की रीलचा दर कसा ठरतो, त्यात काय काय धरायचं, आणि पैसे बुडाले तर काय करायचं. ती पोस्ट फिरत फिरत मिरज, इस्लामपूर, पलूस, जतपर्यंत गेली. लोक यायला लागले ते ती वाचून. त्यातल्या एका मुलाला त्याच्या मित्रानं आमच्याकडे पाठवताना सांगितलं होतं, "जा तिकडं, पैसे अडकत नाहीत." आमचं ब्रँडिंग म्हणून जे काही आहे ते हेच शब्द. जांभळी वेबसाइट दुसऱ्या दिवशी बंद केली.

नाव, लोगो, रंग यावर किती खर्च करावा?

कमी. नाव असं ठेवा की फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला कळलं पाहिजे आणि लिहिता आलं पाहिजे. हळदी रंग आम्ही सोडून दिला, कारण सांगलीत दर दुसऱ्या पाटीवर तोच आहे.

एक खर्च मात्र टाळू नका: ट्रेडमार्क, म्हणजे नावाची सरकारी नोंदणी. वैयक्तिक अर्जदाराला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गासाठी (वर्ग म्हणजे माल-सेवांचा ठरलेला गट) ४,५०० रुपये आहे, नोंदणी १० वर्षं चालते आणि पुढे नूतनीकरण होतं. जाहिरात आणि व्यवसायसेवा वर्ग ३५ मध्ये येतात, मनोरंजन वर्ग ४१ मध्ये. चॅनेलचं नाव मोठं झाल्यावर ते दुसऱ्यानंच नोंदवलंय असं कळलं, तर होणारा मनस्ताप या रकमेपेक्षा फार महाग पडतो. अर्जाआधी सरकारी संकेतस्थळावर नावाचा शोध घ्या, तो फुकट आहे.

कंटेंट मार्केटिंग म्हणजे जाहिरातच ना, फक्त नवं नाव दिलेली?

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि वसाहत उभी केली. त्यांचा लोखंडी नांगर त्याच्या आधीच तयार झाला होता, पण घेईना कुणी. लोखंडानं जमीन विषारी होते असा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. अशा गिऱ्हाइकाला "आमचा नांगर उत्तम" असं शंभर वेळा ओरडून सांगितलं तरी काय उपयोग? त्याची शंका नांगराच्या दर्जाबद्दल नव्हतीच, स्वतःच्या जमिनीबद्दल होती.

१९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. सुरुवात कारखान्याच्या मालाची माहिती देणाऱ्या पत्रकासारखी. पुढे त्यात कारखान्यापलीकडचं इतकं आलं की त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० मध्ये 'स्त्री' निघालं, आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत लोक ते वाट बघून वाचायला लागले. नांगर किंवा पंप विकत घेण्याचा विचारही नसलेल्या माणसाच्या घरात कारखान्याचं नाव पोचलं. आज ज्याला कंटेंट मार्केटिंग म्हणतात ते याहून वेगळं काय आहे, हे आम्हाला कुणी अजून समजावून सांगितलेलं नाही.

जाहिरात सांगते, घ्या. हे सांगतं, आधी वाचा, पटलं तर बघू.

मग एजन्सीनं स्वतःच्या पानावर काय टाकावं?

तयार रील टाकू नका. ती क्रिएटरच्या पानावर आहेच. ती होताना काय झालं ते टाका.

एका हळद व्यापाऱ्यासाठी आमची क्रिएटर सकाळी सौद्यांच्या वेळी यार्डात गेली. ब्रीफमध्ये, म्हणजे व्यापाऱ्यानं दिलेल्या सूचनांत होतं: पोत्यासमोर उभं राहून हसायचं आणि शुद्धतेबद्दल दोन वाक्यं बोलायची. तीन टेक झाले, तिन्ही मेलेले. तेवढ्यात शेजारच्या एका म्हाताऱ्या आण्णांनी पोत्यातून एक हळकुंड उचललं आणि दोन्ही हातांनी मोडलं. टक्! आवाज कोरडा आला. आतला भाग त्यांनी उजेडाकडे धरला, अंगठ्यानं घासला, नाकाशी नेला आणि शेजाऱ्याला काहीतरी म्हणाले. हिनं विचारलं, "आण्णा, मोडलं कशाला?" ते म्हणाले, "वरनं सगळीच पिवळी दिसत्यात, बाई."

ब्रीफ तिथंच गुंडाळलं. रील झाली ती त्या टक् आवाजाची. आमच्या पानावर मात्र आम्ही मेलेले तीन टेक, मग आण्णा, आणि व्यापाऱ्याला फोन करून ब्रीफ बदलायला कसं तयार केलं, एवढंच टाकलं. अर्थात आण्णांची परवानगी घेऊन. ते बघून पुढचं गिऱ्हाईक आलं ते म्हणतच आलं, "आमच्याकडंबी या, असं काहीतरी शोधा."

असे विषय इथं पावलोपावली आहेत. हरिपूरची जमिनीखालची पेवं, ज्यांत हळद साठवायचे; तासगावच्या बाजूला बेदाण्याच्या शेडमध्ये जाळीवर सुकणारी द्राक्षं; मिरजेत भोपळ्याचा तंबोरा करणारे हात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे, सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्यालाही. हे सगळं सोडून "नवीन क्लायंट जोडला गेल्याचा आनंद" कोण वाचणार?

सणांच्या शुभेच्छांचे फोटोही आम्ही टाकत नाही. गणपतीत प्रत्येक दुकानाचा तोच मोदक, फक्त खालचा लोगो बदललेला. बाप्पाही कंटाळला असेल.

आमच्या बोलीत बोललो तर पुण्या-मुंबईचे ब्रँड काम देतील का?

देतात, आणि तुमची बोली हवी म्हणूनच देतात. अडचण वेगळीच होते. ब्रँडच्या माणसाला "गावाकडचं" म्हणजे काय हवंय ते त्यानं मालिकेत पाहिलेलं असतं, त्यामुळे तो स्क्रिप्ट पाठवतो त्यात दर वाक्याला "काय राव" आणि "पावनं". तुम्ही घरी आईशी असं बोलता का? नसाल तर कॅमेऱ्यासमोरही बोलू नका. आम्ही अशा स्क्रिप्टा परत पाठवतो आणि सांगतो, मुद्दा तेवढा द्या, वाक्यं आमची. जतचा मुलगा जतसारखा बोलेल, मिरजेची मुलगी मिरजेसारखी. ब्रँडला चारदा समजवावं लागतं, पाचव्यांदा कळतं.

किती फॉलोअर्स असले की तुम्ही घेता?

आकडा नाही. यूट्यूबच्या जाहिरातींतून वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात; ती यूट्यूबची अट आहे, आमची नव्हे. आम्ही शेवटच्या दहा व्हिडिओंखालच्या कमेंट वाचतो. "लय भारी" आणि आगीचे इमोजी सोडून कुणी "हे कुठं मिळतं?", "माझ्या द्राक्षाला पण असंच झालंय, काय करू?" असं विचारत असेल, तर फॉलोअर्स कमी असले तरी बोलायला या.

रीलचा दर कसा ठरवता?

इथं सगळ्यात जास्त मुलं फसतात, म्हणून जरा सविस्तर.

बहुतेकांना वाटतं दर म्हणजे व्ह्यूजचा भाव. आम्ही कोटेशनमध्ये चार ओळी वेगवेगळ्या लिहितो. पहिली, बनवण्याची मजुरी: लिहिणं, शूट, एडिट, पेट्रोल. दुसरी, तुमच्या पानावर टाकण्याचे पैसे. तिसरी, वापराचे हक्क: ब्रँड ती रील स्वतःच्या जाहिरातीत, दुकानातल्या स्क्रीनवर, होर्डिंगवर किती दिवस वापरणार. चौथी, बंदी: त्या काळात दुसऱ्या मसालेवाल्याचं काम करायचं नाही असं म्हणत असतील, तर त्या न केलेल्या कामाचेही पैसे.

तिसरी ओळ लोक विसरतात आणि मग वर्षभरानं स्वतःचा चेहरा एसटी स्टँडजवळच्या फ्लेक्सवर बघून आम्हाला फोन करतात. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि तो इथं क्रिएटरच्या बाजूनं आपोआप उभा राहत नाही. पैसे देऊन दुसऱ्याकडून फिल्म करून घेतली आणि वेगळा करार केलेला नसेल, तर पहिला मालक करून घेणारा ठरतो. हक्क लेखी दिले पण मुदत लिहिलीच नाही, तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर अख्खा भारत. म्हणजे "तीन महिने, फक्त इन्स्टाग्राम" हे चार शब्द न लिहिण्याची किंमत किती, ते तुम्हीच मोजा.

आणि हो, जाहिरातीच्या रीलला ट्रेंडिंग सिनेमाचं गाणं लावू नका. स्वतःच्या नाचाच्या रीलला चालतं म्हणून पैशाच्या कामाला चालतं असं नसतं. गाण्याच्या मालकाची नोटीस आली तर ब्रँड तुमच्याकडे बोट दाखवणार.

पैसे नाहीत म्हणतात, माल पाठवतो म्हणतात. घ्यावं का?

सुरुवातीला एखादवेळी घ्या, सवय लावू नका. बेदाण्याच्या दोन किलोत घरभाडं भागत नाही. मोबाइल, स्कूटर अशी महागडी वस्तू ठेवून घेतली तर ती उत्पन्नात धरली जाते. १ जुलै २०२२ पासूनच्या नियमानुसार एका आर्थिक वर्षात अशा वस्तूंची किंमत २०,००० च्या वर गेली की देणाऱ्या कंपनीला १० टक्के टीडीएस (आधीच कापून भरायचा कर) भरावा लागतो. वापरून परत दिली तर प्रश्न नाही. आणि वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली तर जीएसटी नोंदणी. तिथून पुढचं सीएला विचारा, आम्हाला नको.

'जाहिरात' असं लिहायलाच हवं का? लिहिलं की व्ह्यूज पडतात.

लिहायचंच. पैसे, माल, फुकटचा मुक्काम, नातेवाइकाचं दुकान, काहीही असलं तरी.

जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ पासून आहेत. लेबल सुरुवातीलाच दिसलं पाहिजे, कॅप्शनच्या तळाशी वीस हॅशटॅगच्या गर्दीत नाही. १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ते किमान ३ सेकंद दिसलं पाहिजे, त्याहून मोठ्या आणि २ मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ. शिवाय ९ जून २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं काढली. दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि शिफारस करणाऱ्यावर वर्षभराची बंदीही येऊ शकते.

व्ह्यूज पडतात का? कधी कधी पडतात. पण मराठी रीलवर मराठीत ठळक 'जाहिरात' लिहून मग मोकळेपणानं बोललं, तर लोक तेही ऐकून घेतात. चिडतात ते नंतर कळल्यावर.

कोणती कामं घेत नाही?

पैसे लावून खेळायचे रमी-बेटिंगचे ॲप: २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं त्यांच्या जाहिरातीलाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड ठेवलाय. कायदा यायच्या आधीही घेत नव्हतो. शेअरच्या टिपा: शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीची नोंदणी नसलेल्याची एकही नाही.

आजार बरे करण्याचे दावे. हे आमच्याकडे सगळ्यात जास्त येतं, कारण गाव हळदीचं. एका व्यापाऱ्यानं वर्षभराचं काम देऊ केलं होतं. अट एकच: रीलमध्ये "आमच्या हळदीनं शुगर जाते, कॅन्सर बरा होतो" असं म्हणायचं. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्यात मधुमेह आणि कर्करोग ही दोन्ही नावं यादीत आहेत. ते बरे करण्याची जाहिरातच करता येत नाही. कायद्याचा कागद दाखवला, रंग-वास-चवीवर तीन पर्यायी स्क्रिप्टा दिल्या. ते म्हणाले, "दुसरी एजन्सी करून देते." दिलीही. त्या महिन्यात आम्हाला ऑफिसचं भाडं दोन हप्त्यांत द्यावं लागलं. नंतर आमच्या दोन क्रिएटरांच्या आयांनी फोन करून सांगितलं, "आमची पोरगी तुमच्याकडंच राहू दे."

तुमच्याकडून बाहेर पडायचं असेल तर?

एक महिन्याची लेखी सूचना. चालू कामं पूर्ण करायची, पान आणि पासवर्ड तुमचेच. आम्ही पासवर्ड घेतच नाही. आमचं कमिशन आलेल्या पैशावर २० टक्के, तेही तुमच्या खात्यात पैसे जमा झाल्यावर.

इतर ठिकाणी "सोडल्यावर दोन वर्षं हे काम करायचं नाही" असं कलम दिसलं तर घाबरू नका. भारतीय करार कायद्याचं कलम २७ धंद्याला अशी आडकाठी करणारा करार रद्दबातल मानतं. १८ वर्षांखालच्या मुलांशी आम्ही करार करत नाही, पालकांशी करतो, आणि शाळेच्या दिवशी शूट ठेवत नाही.

मी भडंगवाला आहे. एका रीलनं खप वाढेल का?

मामा, एका रीलनं फोन वाढतील. खप वाढणं हे फोन कोण उचलतं यावर आहे. एका गिऱ्हाइकाची रील आमच्याकडूनच उत्तम झाली, नागपूर-नाशिकवरून मेसेज आले, आणि कुरिअरची सोयच नव्हती. दुकानातला पोरगा दोन दिवस "इथं येऊन घ्या" असं उत्तर देत होता. चूक आमची, विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आता शूटच्या आधी पाकिटाचं सील, कुरिअरचा दर, मेसेजला उत्तर देणारा माणूस, एवढं बघितल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढत नाही. आणि एकाच मोठ्या रीलपेक्षा सहा महिने दर आठवड्याला एक साधी रील आम्ही जास्त पसंत करतो. तुम्हाला हे ऐकून कंटाळा येतो हेही माहीत आहे.

तुम्ही पुण्याला का नाही गेलात?

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते १८४३ च्या 'सीता स्वयंवर' या पहिल्या मराठी नाटकामुळे. ते करणाऱ्या विष्णुदास भाव्यांना सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांचा आश्रय होता. १८५१ मध्ये राजेसाहेब गेले, आश्रय गेला, आणि भावे मंडळी घेऊन बाहेर पडले. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. एकाच मालकावर बसलेला कलावंत कुठं येतो आणि त्यातून बाहेर कसा पडतो, हे दोन्ही या गावानं पावणेदोनशे वर्षांपूर्वी पाहिलंय. आमच्याकडेही एका गिऱ्हाइकाचा वाटा फार वाढला की आम्ही नवं काम शोधायला लागतो. त्यासाठी पुण्याला खेपा होतात. बिऱ्हाड हलवायची गरज अजून पडलेली नाही, आणि इथलं भाडं पुण्यात सांगितलं तर लोक हसतात.

पावसाळ्यात ठरलेल्या पोस्ट अचानक थांबवता म्हणे?

हो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्यावर गेली की सगळ्या जाहिरातीच्या पोस्ट थांबतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभागातली माणसं सामान माळ्यावर चढवत असताना त्यांच्या मोबाइलवर आमच्या मुलीनं साडीचा सेल सांगावा हे बरं दिसत नाही. करारात तसं कलमच आहे, तारीख पुढे जाते, पैसे कापले जात नाहीत. त्या दिवसांत क्रिएटरनं फक्त प्रशासनानं दिलेली पातळी सांगायची. व्हॉट्सॲपवर आलेला "धरण फुटलं"चा व्हिडिओ पुढे पाठवायचा नाही. बाहेरगावचे ब्रँड सुरुवातीला कुरकुरतात. त्यांना आम्ही पुलाचा फोटो पाठवतो.

भेटायला येताना काय आणू?

क्रिएटर असाल तर स्वतःला आवडलेले तीन व्हिडिओ आणि एक फसलेला. व्यापारी असाल तर माल आणि तो रोज हाताळणारा माणूस. सोमवार ते शनिवार, ११ ते ६. येण्याआधी फोन करा, नाहीतर आम्ही यार्डात असू.